शिक्षण सुरू असल्याची नोंद

महाराष्ट्रात टाळेबंदीतून काय कधी सुटले, याची तारीखवार यादी एकदा शांतपणे वाचून पाहावी. दारूच्या दुकानांना ४ मे २०२० पासून परवानगी मिळाली. ५ ऑक्टोबरला हॉटेले आणि उपाहारगृहे उघडली. दसऱ्याला व्यायामशाळा सुरू झाल्या, दिवाळीच्या पाडव्याला मंदिरांची दारे उघडली. त्यानंतर आठवड्याने, २३ नोव्हेंबरला, नववी ते बारावीचे वर्ग भरवायला मुभा मिळाली, तीही स्थानिक प्रशासनाला वाटले तर. पाचवी ते आठवीसाठी २७ जानेवारी २०२१ उजाडावा लागला, आणि महिन्याभरात रुग्ण वाढू लागल्यावर ते वर्ग ठिकठिकाणी पुन्हा बंदही झाले. पहिली ते चौथीच्या मुलांचे नाव या यादीत येते ते १ डिसेंबर २०२१ रोजी. मुंबईत त्याहून दोन आठवडे उशिरा. मार्च २०२० च्या मध्यापासून मोजले तर हे वीस महिने होतात.

दारूच्या दुकानांवर तोंडसुख घेणे सोपे आहे आणि ते पुरेसे घेऊन झाले आहे. तिजोरीला पैसा हवा होता, हे कारण निदान लपवले गेले नव्हते. देवळांसाठी घंटानाद झाला, हॉटेलमालकांच्या संघटना मंत्र्यांना निवेदने देत राहिल्या. पहिलीतल्या मुलांची संघटना नसते हे खरे. पण त्यांना आईबाप असतात, आणि एरवी शाळेचे एक छप्पर गळले तरी तालुक्याला मोर्चा नेणारी गावेही या राज्यात आहेत. मग वीस महिने प्राथमिक शाळेला कुलूप असताना आरडाओरडा का झाला नाही?

भीती हे एक कारण, आणि ते साधे नव्हते. पण माझ्या मते दुसरे कारण अधिक मोठे आहे: सरकारदरबारी शाळा बंद नव्हतीच. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपवर येत होती. दीक्षा ॲप होते, दूरदर्शनवर मालिका होती, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाणारे तक्ते होते आणि त्या तक्त्यांत किती मुलांपर्यंत अभ्यास पोचला याचे रकाने भरलेले होते. ऑनलाइन शिक्षणावर नेहमी एक टीका होते की ते गरिबांपर्यंत पोचले नाही. टीका बरोबर आहे, पण मला ती अपुरी वाटते. ते पोचले असे मानण्याची सोय झाली, यात खरे नुकसान होते. ती सोय नसती, शाळा बंद म्हणजे शिक्षण बंद असे उघड कबूल करावे लागले असते, तर शाळा उघडण्याचा प्रश्न मंत्रिमंडळासमोर दर आठवड्याला आला असता.

पोचणार नाही हे आधी माहीत नव्हते, असे म्हणायलाही जागा नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीने २०१७-१८ मध्येच सांगून ठेवले होते की देशातल्या जेमतेम २४ टक्के घरांत इंटरनेटची सोय आहे; ग्रामीण भागात १५ टक्के. संगणक ग्रामीण भागातल्या साडेचार टक्क्यांहून कमी घरांत. हे आकडे केंद्र सरकारचे होते, मंत्रालयाच्या कपाटात होते. तरीही २०२०च्या जूनमध्ये शैक्षणिक वर्ष ‘सुरू’ झाले, आणि त्या वर्षाची सगळी भिस्त फोन नावाच्या वस्तूवर होती.

त्या वस्तूसाठी लोकांनी काय केले हेही पाहण्यासारखे आहे. ‘असर’ या देशव्यापी ग्रामीण शैक्षणिक पाहणीनुसार शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी घरात स्मार्टफोन असलेली मुले २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती; २०२० च्या सप्टेंबरमध्ये ती ६१.८ टक्के झाली, पुढच्या वर्षी ६७.६. ज्या दोन वर्षांत मजुरी बुडाली, त्याच वर्षांत यांतले बरेच फोन विकत घेतले गेले. कुणी उसनवारी केली, कुणी किडूकमिडूक विकले. शिक्षणाबद्दल गरीब माणूस उदासीन असतो, असे अजूनही छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा आकडा घरात टांगून ठेवावा.

पण घरात फोन असणे म्हणजे मुलाच्या हातात फोन असणे नव्हे. २०२१ च्या त्याच पाहणीत, घरात स्मार्टफोन असूनही तो वापरायला न मिळणारी मुले २६ टक्के निघाली. फोन बापाचा असतो. तो सकाळी खिशात घालून कामावर जातो, कारण कामाचा निरोपही त्याच फोनवर येतो. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा त्यावर तीन भावंडांचा हक्क असतो, आणि त्या रांगेत बहीण कुठे उभी असते हे सांगायला नको. रिचार्ज संपले की महिना संपेपर्यंत शाळा संपली. सिंधुदुर्गात, नंदुरबारात, गोव्यातल्या सत्तरी-सांग्याकडे पोरे रेंज शोधत डोंगर चढली. पावसाळ्यात छत्री धरून मोबाइलमध्ये डोके घातलेल्या मुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांनी ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून छापली. त्या कहाण्यांचा मला मनापासून संताप येई. पोरीला तासासाठी डोंगर चढावा लागतो ही जिद्दीची नव्हे, दूरसंचार खात्याची बातमी होती.

ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत, महाराष्ट्रासह, गरीब वस्त्यांतल्या सुमारे १,४०० मुलांची घरोघर जाऊन पाहणी केली. ग्रामीण मुलांपैकी नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले ८ टक्के होती. ३७ टक्के मुले अजिबात शिकत नव्हती. तक्त्यांतले रकाने भरून झाले होते ते याच काळात.

आता क्षणभर उलट समजू. प्रत्येक मुलाला सरकारने टॅब दिला, प्रत्येक वाडीवर टॉवर उभा राहिला. मग पहिलीचे पोर वाचायला शिकले असते का? इथे मला शहरातल्या, भरपूर इंटरनेट असलेल्या घरांकडे बोट दाखवावेसे वाटते. त्या घरांतली सहा वर्षांची मुलेही पडद्यासमोर बसून वाचायला शिकली नाहीत. जी शिकली त्यांना शेजारी बसलेल्या आईने शिकवले. म्हणजे आई शिक्षिका झाली आणि शाळेने फी घेतली. ज्या घरात आईला स्वतःला वाचता येत नाही, किंवा ती सकाळी सातला चार घरची भांडी घासायला जाते, तिथे काय झाले असेल ते वेगळे सांगत नाही.

पहिली-दुसरीची बाई वर्गात नेमके काय करते, हे शिक्षण खात्यातल्या वरच्या माणसांनीही बहुधा कधी नीट पाहिलेले नसते. ‘धडा शिकवते’ असे आपण म्हणतो. धडा हा त्यातला लहानसा भाग. ती पेन्सिल धरलेली बोटे पाहते. ‘क’ काढताना मूल कुठून सुरुवात करते, हे पाहते; वहीचा फोटो पाठवला तर अक्षर दिसते, पण ते कसे काढले गेले हे दिसत नाही. ‘ळ’ म्हणताना जीभ कुठे जाते ते तिला पोराच्या तोंडाकडे बघून कळते. चौदा मुलांपैकी दोघांना कळले नाही हे तिला न विचारता समजते, कारण न कळलेले मूल शेजाऱ्याच्या वहीत बघते. कोण उपाशी आले आहे, कोणाचे कान फुटले आहेत, कोण काल रात्रीच्या भांडणाने गप्प आहे. शिवाय एका खोलीत दोन-दोन, चार-चार इयत्ता. तिसरीची मुलगी पहिलीच्या पोराला बेरीज सांगते आणि सांगता सांगता स्वतः पक्की होते. यातले काहीही व्हॉट्सॲपवर जात नाही. झूमवरही नाही. तिथे काळे चौकोन असतात आणि ‘आवाज येतोय का?’ हा प्रश्न असतो.

भाषेची गोष्ट तर याहून बिकट. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे, धडगावात पावरी, भामरागडात माडिया बोलणारे मूल शाळेत येते तेव्हा प्रमाण मराठी ही त्याला परकी भाषा असते. चांगला शिक्षक चार शब्द त्याच्या भाषेतले शिकतो, एखाद्या मोठ्या मुलाला दुभाषा करतो, वस्तू हातात देतो, आणि सहा-आठ महिन्यांत पूल बांधतो. मोबाइलवर येणारा व्हिडिओ मात्र पुण्याच्या मराठीत बोलायला लागतो आणि बोलून संपतो. डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचे जनक म्हणून त्यांचे कौतुक झाले, आणि नेमक्या त्या वर्षी ते ऑनलाइन शिक्षणाचे प्रशस्तिपत्र ठरवले गेले. त्यांचे काम नीट पाहिले तर क्रम उलटा दिसतो. वर्गातल्या मुलांची भाषा कन्नड आहे हे लक्षात आल्यावर शिक्षकाने ती भाषा शिकून घेतली, पाठ्यपुस्तक त्या भाषेत आणले. कोड त्यानंतर आला. आपण त्यातला कोड तेवढा उचलला.

दूरचित्रवाणीचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. इंटरनेटपेक्षा टीव्ही कितीतरी अधिक घरांत होता आणि या देशाला त्याचा अनुभवही होता. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. तेव्हा मुलांसाठीचे कार्यक्रम शाळेच्या वेळात, शाळेत, शिक्षकासमोर पाहिले जात. महाराष्ट्राने १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन केली. एका पिढीला तिची शीर्षकधून अजून आठवते. केंद्राचा निधी आटला, कर्मचाऱ्यांचे पगार थकले, आणि २०१७ मध्ये राज्याने ती संस्था बंद करून टाकली. तीन वर्षांनी साथ आली तेव्हा मुलांसाठी मराठीत शैक्षणिक चित्रण करणारी ही यंत्रणा सरकारकडे उरलेली नव्हती. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली ती एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनमुळे. मालिका कल्पक होती, घरातल्या वस्तूंतून शिकवायचा प्रयत्न तिने केला. तिच्यावर टीका करण्याचे कारण नाही. पण टीव्हीला मुलाचा चेहरा दिसत नाही, ही मर्यादा तिलाही होतीच. आणि ज्या राज्याने आपली संस्था हाताने मोडली, त्याने उसनवारीच्या मालिकेवर ‘शिक्षण सुरू’चा शिक्का मारावा, हे मला लाजिरवाणे वाटते.

या सगळ्यात शिक्षक काय करत होते? सुट्टी भोगत होते, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. त्यांना तपासणी नाक्यांवर उभे केले होते, रेशन दुकानांवर बसवले होते, घरोघर ताप मोजायला पाठवले होते. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतही त्यांचे पाय वापरले गेले. म्हणजे साथीच्या काळात ज्या शिक्षकाने रोज पन्नास उंबरे झिजवायला हरकत नव्हती, त्याने बारा मुलांना झाडाखाली बसवणे मात्र धोक्याचे होते. यातली विसंगती कोणत्याही परिपत्रकाला जाणवली नाही.

तरी अनेकांनी बसवले. ओट्यावर, पारावर, समाजमंदिरात, गोठ्याच्या पडवीत. पालघरच्या जव्हार-मोखाडा भागात एका संस्थेने ध्वनिक्षेपक घेऊन पाड्यापाड्यांवर ‘बोलकी शाळा’ भरवली. सोलापूरच्या नीलमनगरात, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीत, घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. मुले भिंतीपाशी उभी राहून अक्षरे गिरवू लागली. या प्रयोगांच्या बातम्या झाल्या, शासनाने कौतुकही केले. कौतुक करताना कोणाच्या लक्षात आले नाही की यशस्वी झालेला प्रत्येक प्रयोग पडद्यापासून दूर आणि मुलाच्या जवळ जाणारा होता. त्यावरून धोरण बदलायला हवे होते. ध्वनिक्षेपक चालतो, ओटा चालतो, तर शाळेच्या व्हरांड्यात काय वाईट होते?

इथे शाळाबंदीच्या बाजूने जे म्हणायचे ते म्हटले पाहिजे. २०२० च्या एप्रिल-मे मध्ये कोणालाच काही ठाऊक नव्हते. मुंबईच्या चाळीत, धारावीत, दहा बाय दहाच्या खोलीत आजीआजोबांसह राहणारे मूल शाळेतून विषाणू घेऊन घरी आले असते तर, या शंकेला उत्तर नव्हते. २०२१ च्या एप्रिलमधली दुसरी लाट ज्यांनी पाहिली, प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रात्रभर फोन फिरवले, त्यांना ‘शाळा उघडायला हव्या होत्या’ असे म्हणणे क्रूर वाटू शकते. कामावर असताना संसर्ग होऊन शिक्षकही गेले. त्यामुळे शाळा कधीच बंद करायला नको होत्या, असे मी म्हणत नाही. सगळ्या शाळा एकाच मापाने, एकाच दिवशी, एवढा काळ बंद ठेवायची गरज होती का, असे मी विचारतो. तीन हजार मुलांची मुंबईतली शाळा आणि अकरा मुलांची वाडीवरची शाळा, यांना एकच नियम लावला गेला. त्या वाडीवर ती अकरा मुले दिवसभर एकत्रच असत. एकत्र गुरे वळत, एकत्र विटीदांडू खेळत. शाळेत आली असती तर त्यांना भेटणारा एकच नवा माणूस होता, शिक्षक. त्याची चाचणी करता आली असती, पुढे त्याला लस आधी देता आली असती.

शाळा उघडण्याचा क्रमही उलटा होता. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी शाळा उघडायला सुरुवात केली ती सर्वांत लहान मुलांपासून. कारण साधे: लहान मुलाला घरी बसून शिकता येत नाही आणि त्याला सांभाळायला आईबापांपैकी एकाला घरी बसावे लागते. आपण नववी ते बारावीच्या वर्गांपासून सुरुवात केली, कारण आपल्या व्यवस्थेत शिक्षण म्हणजे बोर्डाची परीक्षा. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पुस्तक घेऊन, व्हिडिओ पाहून, मित्राला फोन करून काही ना काही शिकू शकतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तर एनपीटीईएलवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने साथीच्या कितीतरी आधीपासून उपलब्ध होती आणि त्यांचा त्याला खरोखर उपयोग झाला. ऑनलाइन शिक्षण ज्यांना सर्वाधिक मानवते त्यांच्यासाठी वर्ग आधी उघडले, आणि ज्यांना ते अजिबात मानवत नाही त्यांना वीस महिने ऑनलाइन ठेवले.

पालकांनाच शाळा नको होत्या, हा बचावही फार काळ टिकत नाही. जुलै २०२१ मध्ये त्याच राज्य शैक्षणिक संशोधन परिषदेने सर्वेक्षण केले. सुमारे सात लाख पालकांनी उत्तरे दिली आणि त्यांतल्या ८१ टक्क्यांनी मुलांना शाळेत पाठवायची तयारी दाखवली. हिवरेबाजारने तर जूनमध्येच गाव कोरोनामुक्त असल्याचे सांगून आपली शाळा उघडली होती. ऑगस्टमध्ये शिक्षण विभागाने १७ तारखेपासून वर्ग सुरू करायचा आदेश काढला आणि राज्याच्या कोविड कृती दलाच्या आक्षेपानंतर तो लगेच गुंडाळला. कृती दलात डॉक्टर होते. त्यांनी डॉक्टरांसारखा विचार केला, यात त्यांचा दोष नाही. न शिकलेल्या वर्षाचा धोका मोजणारे कोणी त्या टेबलावर होते का, याचे उत्तर निर्णयावरूनच मिळते.

जेवणाबद्दल थोडे. शाळा बंद झाल्यावर मुलांच्या दुपारच्या जेवणाचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजी स्वतःहून उपस्थित केला. उत्तर म्हणून कोरडा शिधा वाटला गेला. घरात आलेला तांदूळ साऱ्या घराचा होतो, आणि अडचणीच्या वर्षात तो तसाच व्हायला हवा. पण शाळेतले ताट हे एका मुलाचे ताट असते. तेही ऑनलाइन जाऊ शकले नाही.

परीक्षांचा प्रकार सर्वांना आठवत असेल. २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा एक पेपर राहिला आणि त्या वर्षीचा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. बारावीचा ९९.६३. मग अकरावीच्या प्रवेशासाठी वेगळी सीईटी घ्यायचे ठरले आणि उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलांवर याचा ठपका ठेवणे अन्याय आहे. त्यांनी काही मागितले नव्हते. पण महाराष्ट्राच्या इतिहासातला सर्वांत उत्तम निकाल हा सर्वांत कमी शाळा भरलेल्या वर्षाचा आहे, ही नोंद बोर्डाच्या दप्तरात कायमची राहणार. ‘शिक्षण सुरू आहे’ या वाक्याची परिणती याहून वेगळी होणे शक्य नव्हते.

खासगी ॲपवाल्यांवर फार शब्द खर्च करत नाही. त्यांनी पालकांच्या धास्तीचा बाजार केला. सहा वर्षांच्या मुलाने कोडिंग शिकले नाही तर ते मागे पडेल, असे जाहिराती सांगू लागल्या. बायजूजचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होते. २०२४ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. शाळा उघडल्याबरोबर गिऱ्हाईक शाळेत परत गेले, एवढेच त्यातून कळते.

नुकसान किती झाले, हे मोजले गेले आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या सरकारी शाळांतली सोळा हजार मुले तपासली. त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली मुले वेगळ्या मातीची नाहीत. ९२ टक्के मुले आदल्या वर्षी येत असलेले भाषेतले किमान एक कौशल्य विसरली होती, ८२ टक्के गणितातले. म्हणजे नवे शिकणे दूरच, शिकलेलेही निसटले. यावर आपण जुलै २०२१ मध्ये उपाय केला तो ४५ दिवसांच्या सेतू अभ्यासक्रमाचा, आणि तोही बहुतांशी फोनवरून. ज्या मार्गाने मूल बुडाले त्याच मार्गावर त्याच्यासाठी पूल बांधायला निघालो होतो.

‘असर’नुसार दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ उरली. २०२४ मध्ये ती पुन्हा २७ वर आली, आणि ‘भरपाई झाली’ असा सूर लागला. हा सूर ऐकताना एक बारीकशी गोष्ट सुटते. २०२४ मध्ये तिसरीत असलेले मूल २०२२ मध्ये पहिलीत आले. त्याने बंद शाळा पाहिलीच नाही. भरपाई पाहायची तर २०२४ ची पाचवी पाहिली पाहिजे, कारण ती मुले जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झाली होती. त्यांच्यात दुसरीचा मजकूर वाचणारी ४९ टक्क्यांच्या आसपास निघाली. २०१८ च्या पाचवीत ती ५०.५ होती, २०२२ च्या पाचवीत ४२.८. म्हणजे ती मुले जवळपास पूर्वीच्या ठिकाणी आली आहेत, आणि याचे मला खरेच समाधान वाटते. पूर्वीचे ठिकाणही अभिमानाचे नव्हते, पाचवीतली निम्मी पोरे दुसरीचे वाचू शकत नव्हती, हा वेगळा विषय. माझ्या मुद्द्यापुरते असे: दीड-पावणेदोन वर्षांत पडद्याने जे गमावले ते अडीच-तीन वर्षांत फळा, खडू आणि समोर बसलेल्या माणसाने परत आणले. तीच मुले, तीच घरे, तेच फोन. बदलले ते एवढेच की शाळेचे दार उघडे होते. आणि जी मुले, विशेषतः ज्या मुली, त्या काळात शाळेतून कायमच्या बाहेर पडल्या, कोयत्यावर गेल्या, बोहल्यावर उभ्या केल्या गेल्या, त्या वर्गात बसून कोणत्याच पाहणीला उत्तर देणार नाहीत.

इतके होऊनही आपण काय शिकलो, ते शासनाच्या पुढच्या निर्णयांत पाहावे. २०२३ मध्ये समूह शाळांची योजना पुढे आली. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या, राज्यातल्या चौदा हजारांहून अधिक शाळा; त्यांतली मुले बसने एका मोठ्या शाळेत न्यायची. लहान शाळा ‘गुणवत्तेला मारक’ आहेत, मुलांना सवंगडी मिळत नाहीत, स्मार्ट बोर्ड नाहीत, असे सांगितले गेले. पैसा वाचतो हा मुद्दा मी समजू शकतो. निदान तो प्रामाणिक आहे. पण याच त्या शाळा, ज्या साथीतही निर्धास्त चालू ठेवता आल्या असत्या. वाडीतली मुले, वाडीतलीच शाळा, हवेशीर खोली, बाहेर अंगण. पुढची साथ येईल तेव्हा वीस गावांची मुले एका बसमधून एका इमारतीत येत असतील, आणि ती इमारत पहिल्याच दिवशी बंद करावी लागेल. मग पुन्हा फोन, पुन्हा तक्ते, पुन्हा रकाने.

शिक्षण विभागाने एक साधा नियम आताच लिहून ठेवावा, साथ नसताना, डोके थंड असताना: शाळा बंद करायची तर ती गावागावापुरती, ठरावीक दिवसांसाठी आणि लेखी कारण देऊन, उघडताना पहिली-दुसरी आधी, आणि शाळा बंद असलेला प्रत्येक दिवस शासकीय नोंदीत ‘बंद’ म्हणूनच लिहायचा, त्यापुढे ‘पण’ जोडायचा नाही. असा नियम आपोआप होणार नाही. तुमच्या ग्रामपंचायतीपुढे वाडीवरची शाळा हलवण्याचा ठराव येईल तेव्हा ग्रामसभेला हजर राहा, बसच्या वेळापत्रकाबद्दल विचाराल तेव्हा हेही विचारा की पुढच्या वेळी बस थांबली तर आमच्या पहिलीच्या मुलांना कोण शिकवणार, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.